धूळ, गवत आणि रोजचे पाणी

दिवाळी सरली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यासमोर राहणाऱ्यांच्या घरात एक काम वाढते : खिडक्यांवरची लाल धूळ पुसणे. पावसाळ्यात हेच मैदान हिरवेगार असते. पुढे उन्हाने गवत सुकते आणि हजारो पावलांखाली मोकळी झालेली माती वाऱ्यावर उडू लागते. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या, सुमारे २८ एकरांच्या या मैदानाने शंभरी गाठली. धूळ मात्र हटलेली नाही.

उपाय झाले नाहीत असे नाही. काही वर्षांपूर्वी महापालिकेने येथे पर्जन्यजल संधारणाची योजना राबवली. सिमेंटच्या कड्यांच्या उथळ विहिरी, म्हणजे रिंगवेल खोदल्या, तुषार सिंचनाची व्यवस्था केली, गवत लावले. पावसाचे पाणी जमिनीत मुरवायचे आणि तेच उन्हाळ्यात मैदानावर शिंपडायचे, ही कल्पना चांगलीच होती. तरीही २०२५ च्या सुरुवातीला मातीचा वरचा थर काढण्याचे निर्देश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला महापालिकेला द्यावे लागले.

योजना बांधणे आणि योजना चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. बांधण्यासाठी एकदा निधी लागतो. चालवण्यासाठी रोज पंप सुरू करणारा माणूस, विजेचे बिल, तुंबलेल्या तोट्या साफ करणारा हात आणि कोवळ्या गवताला विश्रांती लागते. पहिल्या कामाचे उद्‌घाटन होते. दुसऱ्याचे कधीच होत नाही.

हे दुसरे काम पिढ्यान्‌पिढ्या कसे चालते, ते धुळे-नाशिककडील फड पद्धतीत दिसते. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांनी काही शतके स्वतःच वाटून घेतले. शिवाराचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते मिळून ठरवायचे, कालव्यातील गाळही मिळूनच काढायचा. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या यांची कामे ठरलेली आणि मोबदलाही ठरलेला. सामायिक संसाधनांवरील अभ्यासासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून हेच दाखवले : वापरणारेच नियम ठरवतात आणि देखरेखही करतात, तेथे व्यवस्था टिकण्याची शक्यता वाढते. अर्थात फडही अमर नव्हते. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, तशी अनेक ठिकाणी ही पद्धत ढिली पडली.

शिवाजी पार्कला यातून काय घेता येईल? मैदानाचेही फड पाडता येतील. एका वेळी एक भाग खेळासाठी बंद ठेवायचा, तेथे गवत धरले की पुढचा. माळी आणि पंपचालकाचा खर्च प्रकल्पाच्या निधीतून न भागवता दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरायचा. अडचण मातीत नाही, हक्कांत आहे. क्रिकेटचे संघ, सकाळी फिरणारे, दसरा मेळाव्याला जमणारे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो अनुयायी : मैदान या सर्वांचे आहे आणि कोणाचाही हक्क खोटा नाही. म्हणूनच 'कोणता भाग, किती दिवस बंद' हे वर्षाच्या आरंभी सर्वांना एकत्र बसवून ठरवावे लागेल.

पुढच्या खेपेस नवी योजना जाहीर झाली, तर खर्चाच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा : पाचव्या वर्षीच्या मार्च महिन्यात इथे पाणी कोण घालणार आहे?