रिपोर्टातले इंग्रजी : शब्द फोडून वाचा

रक्ततपासणीचा किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर येतो. घरातले शिकलेले कोणीतरी तो वाचते, एखाद्या लांबलचक शब्दाशी अडते आणि अंदाजाने अर्थ सांगते. मग कधी विनाकारण घाबरगुंडी उडते, तर कधी काळजी घ्यायला हवी तिथे दुर्लक्ष होते.

वैद्यकातले अनेक इंग्रजी शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून बनले आहेत. सगळे शब्द पाठ करण्यापेक्षा हे तुकडे ओळखणे सोपे. शेवटी 'आयटिस' आले की दाह समजावा : गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याचा. 'मेगली' म्हणजे आकार वाढणे. हेपॅटोमेगली म्हणजे यकृत मोठे होणे. 'एक्टमी' म्हणजे शस्त्रक्रिया करून काढून टाकणे.

मराठी माणसाला यातले काही तुकडे परके वाटू नयेत. ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि', तसेच 'ऑस्टिओ' आणि 'अस्थि' या एकाच कुळातल्या जोड्या आहेत. अ‍ॅनिमियातला नकार दाखवणारा 'अन्' तर अनादर, अनिच्छा या शब्दांत रोज भेटतो.

एका अक्षराचा फरक किती महाग पडतो, हे मधुमेहात दिसते. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. हा शब्द उलटा समजून साखर रोखली किंवा इन्सुलिन दिले, तर जिवावर बेतू शकते.

काही शब्द साधे वाटतात आणि तेच फसवतात. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले नव्हे. ज्याचा शोध घेतला ते सापडले, एवढेच. 'क्रॉनिक' म्हणजे गंभीर नव्हे, दीर्घकाळचे. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे अचानक सुरू झालेले. 'अनरिमार्केबल' वाचून दचकू नये. नोंद घेण्यासारखा दोष दिसला नाही, असा त्याचा अर्थ.

तुकड्यांची फोड नेहमीच पुरेशी नसते. 'ओमा' म्हणजे बहुधा गाठ. पण लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ, हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त, लिम्फोमा हा कर्करोग आणि ग्लॉकोमा हा डोळ्यांचा विकार. शेपूट एकच, आजार चार. म्हणून शब्दाचा अर्थ कळला म्हणजे निदान कळले, असे मानू नये.

हे लक्षात कसे ठेवायचे? हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि उजळणी एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली टिकते, असे त्यांतून दिसले. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्याच आजाराचे आठ-दहा शब्द वहीत अर्थासह लिहावेत. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने अर्थ झाकून आठवून पाहावेत.

न कळलेल्या शब्दाखाली रेघ ओढून रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवावा आणि विचारावे, "याचा माझ्या बाबतीत अर्थ काय?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. शब्दांची तयारी असली की मिळालेले उत्तर नीट समजते आणि औषधे, पथ्य व पुढची तपासणी यांत गफलत होत नाही.