क्लच सोडला की गाडी हिसका का देते?

मार्केट यार्डातून सासवडकडे परतताना दिवे घाटात वाहनं तुंबतात. आपण मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू. पुढच्याने क्लच सोडला की गाडी हिसका देते आणि तोल जातो तो आपला. म्हणून हे आपल्यालाही कळायला हवं.

क्लच म्हणजे तेलात भिजलेल्या चकत्या, गॅरेजच्या भाषेत प्लेटा. लिव्हर दाबला की त्या सुट्या होतात, सोडला की हळूहळू एकमेकींना धरतात. एकदम धरल्या की हिसका.

गॅरेजवाला लगेच ‘प्लेटा बदला’ म्हणेल. आधी केबल बघा, ती स्वस्तातली आहे. कोरडी किंवा गंजलेली केबल अडकते आणि अचानक सुटते. तिच्यात तेल सोडा. तारा तुटल्या असतील तर नवीच टाका. लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांत 10 ते 20 मिलिमीटर ढील लागते. उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरत असेल तर रेस कमी करून घ्या. ऑइल जुनं असेल तर बदला, पण मोटारसायकलचंच.

तरी हिसका राहिला, तरच क्लच उघडू द्या, आणि समोर उभ्या राहा. प्लेटा वाकल्यात का, त्या बसतात त्या डब्याच्या कडांना खाचा पडल्यात का, हे विचारा. खोल खाचा असतील तर नुसत्या नव्या प्लेटांचे पैसे वाया जातात. आणि काढलेल्या जुन्या प्लेटा मागून घ्या.