सनईच्या विद्यार्थ्यास अरबी ताल

गणेशोत्सवांत खोताच्या वाडींतील लाकडी सज्जांच्या घरांवरून जाणाऱ्याच्या कानीं गिरगांवची सनई पडते. जवळच्याच केशवजी नाईकांच्या चाळींत हा उत्सव १८९३ पासून सार्वजनिक रीतीनें होत आला आहे. सनईच्या जोडीचा नगारा व त्या वादनाचें ‘नौबत’ हें नांव, हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. अरबांचा मिझमारही सनईसारखाच दुहेरी पत्तीचा. शब्द आले, वाद्यही नात्यांतलें. ताल मात्र आले नाहींत.

अरबी तालाचे मुख्य बोल दोनच: कातड्याच्या मध्यावरचा जड ‘दुम्’ व कडेवरचा हलका ‘तक्’. उरलेल्या मात्रा मुळांत मौनाच्या. वाजविणारा त्या बारीक ठोक्यांनीं भरतो. दहा मात्रांचा ‘समाई सकील’ पहा. त्याची विभागणी ३, २, २, ३ अशी. पहिलीवर दुम्, चौथीवर तक्, सहावीवर व सातवीवर दुम्, आठवीवर तक्. आपला झपतालही दहाच मात्रांचा, परंतु २, ३, २, ३ असा. विद्यार्थ्यास वाटतें, दहा ते दहा, यांत नवें तें काय? येथेंच तो फसतो. झपतालाची खाली सहाव्या मात्रेवर. तेथें डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि वर्षांच्या संवयीनें वादकाचा स्वरही हलका होतो. समाईंत नेमका त्याच जागीं दुम् पडतो, आणि लगेच दुसरा. मोजणी बिनचूक, ताल मात्र पार बिघडलेला! टाळी चुकली तर ती गुरूस दिसते. फुंकरीची चूक दिसत नाहीं, ती ऐकावी लागते.

यास्तव आरंभीं सनई बाजूस ठेवावी. दुम् म्हणतांना मांडीवर तळवा, तक् म्हणतांना बोटें, असे बोल तोंडीं बसवावे. १९३२ सालीं कैरो येथें भरलेल्या अरबी संगीत परिषदेच्या वेळचीं ध्वनिमुद्रणें शिष्यास ऐकवावीं. मग एकच स्वर घेऊन जिभेच्या आघातानें ताल फुंकावयास सांगावा. रागदारीचा मोह तूर्त नको. दम घ्यावयाची जागा नववी व दहावी मात्रा. पांचवीही मौनाचीच खरी, पण तेथें दम घेतला कीं सहावीचा जोर जातो.

खरें पाहतां समाईच्याही आधीं आठ मात्रांचे ‘मक्सूम’ व ‘सईदी’ द्यावे. दोहोंत भेद एवढाच कीं, मक्सूमांत चौथीवर तक् तर सईदींत दुम्. दक्षिण मिसरांतील मिझमारवाले ज्या तालावर वाजवितात तो हाच सईदी होय.