आधी विचारा, मग वाढा

सिन्नरहून नाशिक जेमतेम तीस किलोमीटर. तिथे १९७७ साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शाळा मिळणं हाच मोठा प्रश्न होता. त्या पिढीतली मुलं आता पन्नाशीच्या पुढे आहेत. आईवडील थकले आहेत किंवा राहिलेले नाहीत. नाशिकजवळचं ‘घरकुल’, मुळशी तालुक्यातलं ‘साधना व्हिलेज’ अशी मोजकीच घरं प्रौढांसाठी उभी राहिली. तालुक्याच्या गावी मात्र भावजय, शेजारची मावशी किंवा पगारी मदतनीस यांच्यावरच सगळी भिस्त. उठणं, अंघोळ, कपडे, ताट, झोप, असा एका प्रौढ माणसाचा अख्खा दिवस त्यांच्या हाती असतो. त्यातलं काय त्याने स्वतः ठरवलेलं असतं?

बहुतेकदा काहीच नाही. त्यामागे दुष्टपणा नसतो. घाई असते, आणि ‘त्याला काय कळतंय’ ही समजूत असते. या समजुतीची मजल कुठवर जाते हे महाराष्ट्राने १९९४च्या फेब्रुवारीत पाहिलं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या ११ बौद्धिक अपंग मुली-स्त्रियांची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेने काढली गेली. कारण दिलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

कायदा त्यानंतर बराच पुढे आला. चंदीगडच्या एका तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं, की सौम्य बौद्धिक अपंगत्व असलं तरी गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती हवी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने पालकत्वालाही मर्यादा घातली: पालकाने निर्णय घ्यायचा तो त्या व्यक्तीसोबत, परस्पर विश्वासाने. पण ज्याला चाळीस वर्षांत सदरा निवडायला मिळाला नाही, तो न्यायाधीशासमोर आपलं मत कसं मांडणार? मत असण्याची सवय रोजच्या जगण्यातच लागते.

म्हणून मदतनिसांचं प्रशिक्षण महत्त्वाचं. हे काम मायेने आपोआप जमतं असं आपण धरून चालतो, ते खरं नाही. ‘चहा हवा ना?’ या प्रश्नाला बरेच जण नुसतं ‘हो’ म्हणतात, कारण आयुष्यभर ‘हो’ म्हटल्यानेच समोरचा खूश झालेला असतो. संशोधक सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली अमेरिकेत हाच कल अभ्यासून नोंदवला. ‘चहा की दूध?’ विचारलं तर काही जण शेवटचा शब्द उचलतात. त्यामुळे दोन्ही कप समोर धरायचे, पुढच्या वेळी डावं-उजवं बदलायचं आणि गप्प थांबायचं. हात कुठे गेला, नजर कुठे टिकली ते पाहायचं. निवडलेलं लगेच द्यायचं. दोन्ही कप दूर सारले, तर तेही उत्तरच आहे. मधुमेह असेल तर पर्याय आधीच विचार करून ठेवायचे, म्हणजे निवडल्यावर ‘हे नको’ म्हणायची वेळ येत नाही.

डेनिस रीड आणि मार्शा पार्सन्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या निवासी संस्थांत असं काम केलं. अतितीव्र अपंगत्व असलेली, न बोलणारी माणसंही खाण्यापिण्यातली आवड स्पष्ट दाखवतात, हे त्यांच्या १९९०च्या अभ्यासात दिसलं. कर्मचाऱ्यांना शिकवण्याची त्यांची रीत साधी आहे: सांगा, करून दाखवा, करून घ्या, आणि प्रत्यक्ष कामावर पाहून तिथल्या तिथे काय बरोबर, काय चुकलं ते सांगा. नुसत्या व्याख्यानाने हात बदलत नाहीत. आपल्याकडची बरीच शिबिरं मात्र व्याख्यान आणि प्रमाणपत्रावरच संपतात.

यात मदतनिसाला दोष देऊन चालणार नाही. एकटीने दहा जणांना भरवायचं असेल, तर ती थांबणार कधी? तिला वेळ देणं ही संस्थेची जबाबदारी आहे.

सिन्नर-नाशिक परिसरातल्या संस्थाचालकांना आणि पालकांना विनंती आहे: नवी मदतनीस नेमाल, तेव्हा पहिला महिनाभर जेवणाच्या वेळी एखादं जाणतं माणूस तिच्या शेजारी उभं राहील एवढी सोय करा, आणि त्या वेळेचा पगारही तिला द्या.