गिअर कडक पडतो, खरखरतो: दोष गिअरबॉक्सचा की क्लचचा?

प्रस्तावना

मॅन्युअल गिअरच्या गाडीत गिअर सहज पडेनासा झाला की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. पण गिअर कडक पडण्याची बरीच कारणे गिअरबॉक्सच्या बाहेर असतात: क्लच पूर्ण न सुटणे, लिव्हरच्या जोडणीतील बुश झिजणे, चुकीचे किंवा कमी झालेले ऑइल. ही कारणे तपासण्याआधीच गिअरबॉक्स खाली उतरवला तर दिवस जातो, मजुरी जाते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

हे टिपण दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारा विद्यार्थी. दोन, गाडी स्वतः चालवणारा आणि गॅरेजमध्ये नेमके काय सांगावे असा प्रश्न पडलेला मालक किंवा चालक. उदाहरणासाठी बंगळुरूच्या उत्तरेचे देवनहळ्ळी घेतले आहे. २००८ मध्ये येथे नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि शहर ते विमानतळ अशा सुमारे ३५ किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. या गाड्यांना एकाच दिवसात तीन प्रकारच्या परिस्थितीतून जावे लागते: पहाटेच्या गारव्यात थंड इंजिनाने निघणे, हेब्बाळच्या कोंडीत शेकडो वेळा क्लच दाबणे आणि प्रवाशाने सांगितले तर नंदी टेकडीचा घाट चढणे. गिअरचा प्रत्येक दोष यांपैकी कुठे ना कुठे स्वतःला उघड करतो.

१. गिअर पडतो तेव्हा आत काय होते

इंजिनाची फिरती शक्ती फ्लायव्हीलवरून क्लच प्लेटला, क्लच प्लेटकडून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला आणि तेथून निवडलेल्या गिअरमार्फत चाकांना मिळते. आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या गिअरच्या दातेरी जोड्या सतत एकमेकींत गुंतलेल्याच असतात. आपण लिव्हर हलवतो तेव्हा त्यांतली कोणती जोडी शाफ्टला पक्की जोडायची एवढेच ठरते. हे काम सरकणारी स्लीव्ह करते. तिचे दाते गिअरच्या बाजूच्या दात्यांत शिरायचे तर दोघांचा फिरण्याचा वेग सारखा असावा लागतो.

हा वेग सारखा करून देतो तो सिंक्रोनायझर. ती पितळी मिश्रधातूची किंवा घर्षण थर दिलेली लहानशी रिंग असते. स्लीव्ह पुढे सरकली की रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने वेग जुळतो आणि मगच दाते आत शिरतात. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत ही रचना प्रथम आली. त्याआधी चालकाला दोनदा क्लच दाबून आणि मध्ये ॲक्सिलरेटर देऊन वेग स्वतः जुळवावा लागे. जुन्या ट्रकचालकांच्या तोंडी असलेला ‘डबल क्लच’ तो हाच.

एक गणित करून पाहा. समजा, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचे १.३ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असताना बाहेरचा शाफ्ट ३००० ÷ १.९ म्हणजे सुमारे १५८० फेरे फिरतो. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकायचा तर इनपुट शाफ्ट १५८० × १.३ म्हणजे सुमारे २०५० फेऱ्यांवर यायला हवा. क्लच पूर्ण सुटला असेल तर रिंगला फक्त इनपुट शाफ्ट, त्याला जोडलेले गिअर आणि क्लच प्लेट यांचा वेग साडेनऊशे फेऱ्यांनी उतरवायचा असतो. हे तिला क्षणात जमते. पण क्लच अर्धवट चिकटून राहिला असेल तर त्या इवल्याशा रिंगला फिरत्या इंजिनाशी झुंजावे लागते. मग लिव्हर अडते, जोर लावला की खरखर होते आणि असे महिनोन्‌महिने चालले तर रिंग झिजते.

म्हणजेच क्लचचा न दुरुस्त केलेला छोटा दोष कालांतराने गिअरबॉक्सचा मोठा दोष बनतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

२. हत्यार हातात घेण्यापूर्वी

क्लच पेडलखालची चटई पाहा. जाड रबरी चटईवर दुसरी चटई टाकलेली असेल किंवा ती सरकून पेडलखाली आली असेल तर पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि क्लच पूर्ण सुटत नाही. चटई बाजूला करून पुन्हा गिअर टाकून पाहा.

त्यानंतर पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाब जाणवण्यापूर्वीची मोकळी हालचाल, मोजा. योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मोकळी हालचाल फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. अजिबात नसेल तर क्लच घसरू लागतो. हे दोन वेगळे दोष आहेत. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. न सुटणाऱ्या क्लचमध्ये गाडी ओढते, पण गिअर पडत नाही.

३. तीन परीक्षा: बंद, उभी, धावती

पहिली परीक्षा, इंजिन बंद. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. क्लच दाबून एकेक गिअर टाका. आत काहीच फिरत नसल्याने येथे क्लचच्या दोषाचा संबंध उरत नाही. एखादा गिअर अडला तर दाते समोरासमोर आले असतील. न्यूट्रल करून क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि परत टाका. तरीही सगळे गिअर कडक असतील, लिव्हर ढिली लागत असेल किंवा गिअरची जागाच सापडत नसेल तर दोष लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत शोधा: झिजलेले बुश, ताठर झालेली किंवा सैल पडलेली सिलेक्टर केबल, ढिला बोल्ट. हे काम बहुधा गिअरबॉक्स न उतरवता होते.

दुसरी परीक्षा, इंजिन चालू, गाडी उभी. ही उघड्या जागीच करा. बंद गॅरेजमध्ये इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभे राहू नये आणि ब्रेकवर पाय हवा. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे क्लच सुटला आहे की नाही हे तो लपवत नाही. थांबल्यावरही खरखर झाली, पहिला गिअर टाकताना गाडी पुढे झेपावली किंवा इंजिन बंद असताना सहज पडणारे गिअर आता अडू लागले तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजा.

आता पेडल भराभर चार-पाच वेळा दाबून पुन्हा गिअर टाका. फरक पडला तर हायड्रॉलिक क्लचच्या नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळत आहे. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे ऑइल एकाच डबीतून जाते. त्या डबीतली पातळी उतरली असेल तर हा प्रश्न केवळ गिअरचा राहत नाही, ब्रेकचाही होतो. अशी गाडी गळती सापडेपर्यंत रस्त्यावर काढू नका. केबलचा क्लच असेल तर वायरचे तुटके तंतू आणि समायोजन पाहा. हे सगळे ठीक असेल तरच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगकडे वळा. त्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तिसरी परीक्षा, गाडी धावती. पहिल्या दोन्ही परीक्षांत दोष दिसला नाही तरच ही करा. त्यासाठी विमानतळाचा महामार्ग किंवा घाट नको, मोकळा सपाट रस्ता निवडा. एकच ठरावीक गिअर, उदाहरणार्थ फक्त दुसरा, टाकताना खरखर होते का ते पाहा. मग तोच गिअर डबल क्लच करून टाका. तो गुपचूप पडला तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. मात्र वेगात असताना पहिला गिअर अडणे हा दोष नव्हे. तेथे इनपुट शाफ्टचा वेग फारच वाढवावा लागतो आणि रिंग ते नाकारते.

४. थंड असताना की तापल्यावर?

ही एक नोंद मेकॅनिकचे निम्मे काम करते. पहाटे निघताना दुसरा गिअर कडक आणि येलहंकापर्यंत मोकळा होत असेल तर गिअर ऑइल पाहा. ते थंडीत घट्ट होते. चुकीच्या, जास्त जाड ग्रेडचे असेल तर अधिकच. उलट पहाटे सगळे सुरळीत आणि हेब्बाळच्या कोंडीत अर्धा तास घालवल्यावर पहिला गिअर पडेनासा झाला, तर संशय क्लचवर घ्या. तापलेली प्लेट वाकली असेल किंवा वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलमध्ये ओलावा शिरला असेल. क्लच-ब्रेकचे हे ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून त्याची बदलण्याची मुदत पाळावी.

५. गिअर ऑइल: पातळी, ग्रेड, रंग

गाडी समतल असताना बाजूचा भरण्याचा नट आधी उघडा, मगच खालचा नट काढून ऑइल सोडा. वरचा नट जाम निघाला आणि ऑइल आधीच सोडलेले असेल तर गाडी तेथेच अडकते. अनेक गाड्यांत ऑइल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावे लागते.

ग्रेड पुस्तिकेत दिलेलाच वापरा. जीएल-४ सांगितले असताना ‘वरचा नंबर म्हणजे जास्त चांगले’ असे समजून जीएल-५ घालू नका. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जास्त असतात. ती डिफरन्शियलसाठी उपयोगी आहेत. पण काही पितळी रिंगांना ती मानवत नाहीत, शिवाय रिंगला लागणारे घर्षणही कमी होते.

सोडलेले ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात पाहा. सोनेरी चमकणारी बारीक पूड चुंबकाला चिकटत नसेल तर ती रिंगांची झीज होय. चुंबकाला चिकटणारी थोडी मऊ काळी पेस्ट सर्वसामान्य आहे. पण पोलादाचे टोकदार तुकडे दिसले तर दाते किंवा बेअरिंग तुटत आहे. तेव्हा गिअरबॉक्स खरोखरच उघडावा लागतो.

६. गिअर आपोआप सुटत असेल तर थांबा

कडक गिअर त्रास देतो. सुटणारा गिअर जीवावर बेततो. ॲक्सिलरेटर सोडताच लिव्हर उडून न्यूट्रलला येत असेल तर झिजलेले दाते किंवा फोर्क, मऊ पडलेली डिटेंट स्प्रिंग अथवा फाटलेले इंजिन माउंटिंग यांचा संशय घ्या. नंदी टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १४७८ मीटरवर, म्हणजे देवनहळ्ळीपेक्षा साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे. ते उतरताना इंजिनाचा रोध हाच ब्रेकचा जोडीदार असतो. वळणावर गिअर सुटला तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड ढिली पडते. पुण्याहून येताना लागणाऱ्या खंबाटकी घाटालाही हेच लागू आहे. गिअर सुटणाऱ्या गाडीने घाट घेऊ नये, प्रवासी कितीही आग्रह करो.

७. दोष होऊ नये म्हणून

चालताना क्लचवर पाय आणि गिअर लिव्हरवर हात विसावू देऊ नका. पहिल्याने रिलीज बेअरिंग झिजते, दुसऱ्याने सिलेक्टर फोर्क. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक वापरा. रिव्हर्स टाकण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबू द्या. उतारावर न्यूट्रल करू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तसेही तुटते, त्यामुळे न्यूट्रलने बचत होत नाही.

८. गॅरेजमध्ये काय सांगावे

देवनहळ्ळीच्या गॅरेजमध्ये मराठी चालेलच असे नाही, पण क्लच, गिअर, ऑइल हे शब्द सगळीकडे तेच. ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल आपण देऊ नये, लक्षण सांगावे. कोणता गिअर, इंजिन बंद असताना की चालू असताना, थंड असताना की तापल्यावर, पेडल पुन्हा दाबल्यावर फरक पडतो की नाही. एवढी चार उत्तरे घेऊन गेलात तर कोणता भाग उघडायचा आणि कोणता नाही, हे गॅरेजच्या दारातच बरेचसे ठरते.

स्वाध्याय

१. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू केल्यावर एकही नीट पडत नाही. सिंक्रोनायझर तपासण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी पाहाल?

२. दुसऱ्याचे गुणोत्तर १.९ आणि पहिल्याचे ३.५ आहे. दुसऱ्यात इंजिन २००० फेऱ्यांवर असताना पहिला टाकला तर इनपुट शाफ्टला किती फेऱ्यांवर जावे लागेल? (उत्तर: सुमारे ३६८४) यावरून धावत्या गाडीत पहिला गिअर का अडतो ते लिहा.

३. सोडलेल्या ऑइलमधली चमक चुंबकाला चिकटली नाही. कोणता भाग झिजत आहे? त्या झिजेचे मूळ क्लचमध्ये कसे असू शकते?