काडीमोड, कागद आणि कायदा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघाले की मुर्धे, राई, मोरवा ही गावे लागतात. मिठागरे मागे पडतात, डोंगरी येते आणि शेवटी उत्तन-पाली-चौकचा किनारा. एवढ्याशा पट्टीत आगरी आहेत, ख्रिस्ती कोळी आहेत आणि मिठागरांच्या कामाला आलेल्या आमच्यासारख्या बौद्धांची घरे आहेत. येथे लग्न मोडणे ही दोघांची बाब राहत नाही. सासर-माहेर हाकेच्या अंतरावर, पाणी एकाच नळावर, बाजार एकच. म्हणून बाई कोर्टाची पायरी चढण्याआधी पंच बसतात. पंच म्हणजे तिचे चुलते आणि त्याचे मामे. ते जो कागद करून देतात त्याविषयी मला लिहावयाचे आहे, कारण तसा एक कागद आमच्या घरात आहे.

तो माझ्या धाकट्या मावशीचा. साल १९८३. स्टँपपेपरवर लिहिले होते, ‘उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत. एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही. उभयतांस दुसरे लग्न करण्यास मोकळीक आहे.’ खाली पाच पंचांच्या सह्या आणि मावशीचा अंगठा. मी सातवीत होते. वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. “म्हणजे मी सुटले ना गं?” तिने विचारले. मी “हो” म्हणाले. ते उत्तर चूक होते हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

वास्तविक काडीमोड ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. उच्चवर्णीयांत विवाह हा न तुटणारा संस्कार मानला गेला. कष्टकरी जातींत काडी मोडून नवराबायको वेगळी होत आणि बाई पुन्हा पाट लावी. हिंदू कोड बिलावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच दाखवून दिले होते, की बहुसंख्य शूद्र समाजाला घटस्फोट रूढीने मिळालेलाच आहे. ते बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २९ ने रूढीने चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला. आपले पंच बसतात ते या कलमाच्या सावलीत.

मेख आहे ती येथेच. ‘आमच्यात चालते’ एवढे म्हणून भागत नाही. ती रूढी त्या समाजात जुनी, निश्चित आणि अखंड आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि ते ओझे रूढी सांगणाऱ्यावर असते. आम्ही तर १९५६ साली धर्मांतर करून जातीची रीत टाकून दिली. मग जातीच्याच रीतीने झालेली फारकत आम्ही कोणत्या तोंडाने सिद्ध करणार?

रूढी सिद्ध झाली नाही, तर लग्न कायम राहते. नवऱ्याने केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते. पोटगीचे पाहा. फौजदारी संहितेच्या कलम १२५ प्रमाणे (१ जुलै २०२४ पासून नव्या नागरी सुरक्षा संहितेचे कलम १४४) घटस्फोटितेलाही पुन्हा लग्न करीपर्यंत पोटगी मागता येते. परंतु पत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असेल, तर ती मिळत नाही. म्हणजे कागदाने घटस्फोट तर होत नाही. ‘राजीखुशीने’ हा शब्द मात्र बाईच्याच विरुद्ध पुढे केला जातो.

मावशीचा नवरा सरकारी नोकर होता. त्याने दुसरा संसार केला. २००९ साली तो वारला तेव्हा कचेरीने कुटुंब निवृत्तिवेतनासाठी घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. दुसरीजवळ कागद होता, हुकूमनामा नव्हता. अखेरपर्यंत त्याची उस्तवार तिने केली होती, पण कायद्याने ती त्याची बायको नव्हती. ती आमच्या दारात येऊन रडली. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “कागद तूच वाचलास ना गं? मग मी अजून त्याचीच?”

निवृत्तिवेतन मावशीला मिळाले. त्यातले काही ती दर महिन्याला दुसरीला देत राहिली. तो मावशीचा चांगुलपणा. दुसरीचा हक्क नव्हे. एका बाईची भाकरी दुसऱ्या बाईच्या चांगुलपणावर टांगून ठेवणारी रीत कितीही जुनी असो, तिला न्याय म्हणता येणार नाही.

शेजारच्या ख्रिस्ती कोळणींची अडचण निराळी दिसते, पण जात तीच. त्यांना १८६९ चा कायदा लागू आहे. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही दाखवावा लागे. ही विषमता २००१ साली दूर झाली आणि परस्परसंमतीचा मार्गही उघडला. परंतु चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्द ठरवला तरी दिवाणी कायद्यात तो संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे स्पष्ट केले. पंच असोत की पाद्री, त्यांचा कागद कोर्टाच्या हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही.

मार्ग काय? दोघे राजी असतील, तर हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलेल्या कलम १३-ब खाली एक वर्ष वेगळे राहिल्यावर अर्ज करता येतो. पुढची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कोर्टात गेली म्हणून कोणी वाळीत टाकले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पंचांनी बसूच नये असे माझे म्हणणे नाही. त्यांनी समजूत घालावी, भांडीकुंडी वाटून द्यावीत, पोरांचे बघावे. लग्न मोडल्याचा दाखला देणे मात्र त्यांच्या हातात नाही, हे त्यांनी स्वतःच बाईला सांगितले पाहिजे. आजही कोणी घडी घातलेला स्टँपपेपर घेऊन माझ्याकडे येते. मी तो वाचून दाखवते, पण त्याआधी विचारते, “बाई, यावर कोर्टाचा शिक्का कुठं आहे?”