शेतराखणीचा कुत्रा आणि निर्बीजीकरणाचा निर्णय

म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर परिसरात शेतवस्तीवरील कुत्रा शोभेसाठी पाळला जात नाही. कपाशी, नाचणी वा आल्याच्या शेतात तो रात्रभर जागतो. रानडुकरे किंवा हत्ती बांधाजवळ आल्याची पहिली वर्दी बहुधा त्याच्याच भुंकण्यातून मिळते. म्हणून निर्बीजीकरणाचा विषय निघताच पशुपालकाच्या मनात शंका येते, की शस्त्रक्रियेनंतर कुत्रा मवाळ होऊन राखण तर सोडणार नाही ना?

ही शंका स्वाभाविक असली तरी तिला फारसा आधार नाही. राखणीची वृत्ती मुख्यतः जात, लहानपणीची सवय आणि आपल्या जागेविषयीची जाणीव यांवर अवलंबून असते. वृषण काढल्याने टेस्टोस्टेरॉन घटते. त्यामुळे माजावरील मादीच्या शोधात दूरवर भटकणे, जागोजागी मूत्राने खुणा करणे आणि इतर नरांशी झुंजणे बरेच कमी होते. चावरेपणा मात्र हमखास जातो असे नाही. भित्र्या स्वभावाच्या कुत्र्यात तो वाढल्याचेही काही अभ्यासांत आढळले आहे. सुस्तीचे कारण बहुतेक वेळा ताटात सापडते. शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्शाने घटते, पण भाकरी पूर्वीइतकीच घातली जाते आणि कुत्रा लठ्ठ होतो.

मादीच्या बाबतीत निर्णय अधिक निकडीचा ठरतो. ती साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते व सुमारे 63 दिवसांत विते. मोकळी सोडलेली मादी कोणत्या नराकडून फळेल यावर मालकाचे नियंत्रण उरत नाही. नकोशी पिल्ले गावाच्या कडेला सोडली जातात आणि सरगूरला गावाची कड म्हणजे अनेक ठिकाणी बंडीपूर किंवा नागरहोळेच्या जंगलाची कड असते. तेथे बिबट्याला ही आयती शिकार मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा इतर सर्व प्राण्यांपेक्षा मोठा आढळला होता. कुत्र्यांची संख्या वाढली की बिबट्या वस्तीजवळ टिकून राहतो आणि मग वासरे व शेळ्याही सुरक्षित राहत नाहीत.

मादीच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. निर्बीजीकरण न झालेल्या वयस्क मादीत गर्भाशयात पू साचण्याचा आजार सर्रास आढळतो व वेळेत शस्त्रक्रिया न झाल्यास तो जिवावर बेततो. शस्त्रक्रिया लवकर झाल्यास स्तनातील गाठींचा धोकाही कमी होतो असे मानले जाते. समागमातून पसरणारा जननेंद्रियांचा अर्बुद भारतातील मोकाट कुत्र्यांत नेहमी दिसतो. त्यापासून नर व मादी दोघांचाही बराच बचाव होतो.

मग घाई करावी काय? मोठ्या बांध्याच्या जातींत करू नये. 35 जातींच्या नोंदींवर आधारित, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर यांसारख्या जातींत एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, तर लहान जातींत तसा फरक जवळजवळ दिसत नाही. अशा मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणे आणि तोवर त्याला कुंपणात ठेवणे श्रेयस्कर. ज्याला कुंपण शक्य नाही त्याने मात्र वेळेचे गणित पशुवैद्यकासह नव्याने मांडावे.

शुद्ध मुधोळ जातीची गोष्ट वेगळी. घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपास आलेली आणि महाराष्ट्रात ‘कारवान’ म्हणून ओळखली जाणारी ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेली आहे. उत्तम लक्षणांचा, निरोगी मुधोळ पैदाशीसाठी राखण्यास सबळ कारण आहे. ‘एक वेत तरी होऊ द्यावे’ या समजुतीला मात्र आरोग्यशास्त्राचा आधार नाही.

निर्बीजीकरणाने रोग टळतात असे समजून लसीकरण टाळणे घातक ठरेल. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यापासून आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावीच लागते. डिस्टेंपरची लस वनसीमेवर तितकीच महत्त्वाची आहे. 2018 मध्ये गीरमध्ये दगावलेल्या काही सिंहांत या रोगाचा विषाणू आढळला होता आणि सरगूरलगतच्या जंगलातील रानकुत्र्यांनाही त्याची लागण होऊ शकते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे.

शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच, पूर्ण भूल देऊन करून घ्यावी. मादी माजावर असताना ती टाळावी. माज ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी करणे बरे. भूल देण्यापूर्वी किती तास उपाशी ठेवायचे हे आधी विचारून घ्यावे. टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, कुत्र्याला कोरड्या जागी बांधून ठेवावे आणि जखम चाटू देऊ नये. नराच्या शरीरात शुक्राणू काही काळ शिल्लक राहतात, त्यामुळे पुढील महिना-दीड महिना त्याला माजावरील मादीपासून दूर ठेवावे.